मदत हवी आहे: एकाच काळात आलेले सारखे व्हिडिओ गेम आणि नागपुरातील पसंती

नमस्कार मंडळी,

मी नागपुरातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. जवळपास एकाच वेळी बाजारात आलेल्या, दिसायला सारख्या गेमपैकी एक घरोघरी पोहोचतो आणि दुसरा मागे पडतो, तो कशामुळे, या विषयावर विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान तयार करत असून, त्यासाठी मला जाणकारांची मदत हवी आहे.

जो गेम चांगला तोच चालतो, हे मला पटत नाही. बंदुकीच्या लढाईचा ‘टायटनफॉल २’ हा गेम २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच प्रकारच्या ‘बॅटलफिल्ड १’ या गेमनंतर एका आठवड्याने आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गेमच्या नव्या भागाच्या एक आठवडा आधी आला. समीक्षकांनी त्याची भरभरून स्तुती केली, तरी विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. त्यातही ‘बॅटलफिल्ड १’ त्याच इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा होता, म्हणजे कंपनीने आपलेच दोन गेम एकमेकांसमोर उभे केले. इतक्या मेहनतीने केलेल्या कामाची अशी कोंडी व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वरवरचे साम्य फसवे असते, हे दाखवण्यासाठी मी ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ (१९९२) ही गेम पार्लरमधल्या यंत्रांवर खेळायच्या, समोरासमोरच्या मारामारीच्या गेमची जोडी घेतली आहे. पहिल्यात सहा बटणे असून, वार अडवायचा तर जॉयस्टिक मागे ओढावी लागते; दुसऱ्यात पाच बटणे असून त्यांतले एक केवळ वार अडवण्यासाठीच दिलेले आहे. त्यामुळे एका यंत्रावर बोटांना लागलेली सवय दुसऱ्यावर घात करते. साम्याचा वाद न्यायालयातही गेला होता: डेटा ईस्ट कंपनीच्या ‘फायटर्स हिस्टरी’ या मारामारीच्या गेमवर तात्पुरती बंदी घालावी, ही ‘स्ट्रीट फायटर २’ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीची मागणी अमेरिकेतील न्यायालयाने १९९४ मध्ये फेटाळली.

माझी खरी अडचण पुढे आहे, ती दोन मोबाइल गेमबाबत; दोन्हींत एकमेकांशी लढून शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो. ‘फ्री फायर’मध्ये पन्नास खेळाडू आणि साधारण दहा मिनिटांचा सामना, तर ‘पबजी मोबाइल’मध्ये शंभर खेळाडू आणि अर्ध्या तासापर्यंत चालणारा सामना. ‘फ्री फायर’ कमी रॅमच्या, स्वस्त मोबाइलवरही चालत असे, आणि जागा करण्यासाठी घरातल्या लग्नाचे फोटो पुसून गेम टाकणारी मुले मी वसतिगृहात पाहिली आहेत. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये भारतात ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, आणि ‘फ्री फायर’कडे वळलेले खेळाडू मोबाइलमुळे वळले की बंदीमुळे, हे आता वेगळे काढणे कठीण झाले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वरही बंदी आल्याने त्यानंतरच्या काळावरून काहीच ठरवता येत नाही.

म्हणून विनंती अशी की, २०१८ ते २०२० या काळात नागपूर, कामठी किंवा हिंगणा परिसरात या दोन मोबाइल गेमपैकी कोणताही खेळलेल्यांनी आपला मोबाइल कोणता होता, त्यात रॅम किती होती आणि एका गेमवरून दुसऱ्यावर गेला असाल तर बंदीच्या आधी की नंतर, हे कृपया सांगावे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मोबाइल विक्री-दुरुस्तीचे काम करणाऱ्यांची निरीक्षणे मिळाली तर फार उपयोग होईल, कारण कोणता मोबाइल घ्यायचा हे मुले तिथेच ठरवत असत.

नव्वदच्या दशकात नागपूरच्या गेम पार्लरमध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ची यंत्रे शेजारी शेजारी पाहिलेले कोणी असल्यास, रांग कोणत्या यंत्रापुढे अधिक असे तेही लिहावे. व्याख्यानात कोणाचे नाव घेणार नाही.