'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेतले अमेरिकन लोक नेमके कोण?

ऐरोली_सेक्टर८:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत दर रविवारी आठदहा जण वाचनाला बसतो, सध्या जोतीरावांचं 'गुलामगिरी' चालू आहे. सुरुवातीलाच अडकलोय. १८७३ चं पुस्तक, लिहिणारा पुण्याचा आणि अर्पण केलंय युनायटेड स्टेट्समधल्या लोकांना, त्यांनी गुलामांना सोडवलं म्हणून. आम्हाला शाळेत फक्त लिंकन शिकवला, पण एवढं मोठं काम एकट्याने होत नाही ना. मग त्याच्या आधी कोण होते? आणि नेटवर बघितलं तर गुलामीविरोधी, दारूबंदीवाले, बायकांना मत द्या म्हणणारे, सगळीकडे तीच तीच नावं दिसतात, असं का? येत्या रविवारी मला बोलायचंय, प्लीज सांगा.

नौपाडा_वाचक:
गॅरिसनपासून सुरू करा. बॉस्टनमध्ये १८३१ ला त्याने 'लिबरेटर' हा गुलामीविरोधी पेपर काढला आणि १८६५ ला गुलामी कायद्याने संपेपर्यंत चालवला. फ्रेडरिक डग्लस तर स्वतः गुलाम होता, १८३८ ला पळाला, पुढे रॉचेस्टरमधून स्वतःचा पेपर काढला.

तीच नावं का, तर १८४० चा लंडनचा प्रसंग बघा. गुलामीविरोधी जागतिक परिषद भरली, अमेरिकेतून बायका रीतसर प्रतिनिधी म्हणून समुद्र ओलांडून गेल्या आणि तिथे वाद घालून ठरवलं की बायकांनी बाजूला बसून फक्त ऐकायचं. गॅरिसन उशिरा पोचला, त्याला हे कळल्यावर तोही सभेत न बसता वर गॅलरीत बायकांजवळ जाऊन बसला. लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ स्टँटन यांची ओळख तिथलीच. आठ वर्षांनी दोघींनी न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी बायकांच्या हक्कांची परिषद घेतली, जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांच्या सह्या. मताधिकाराचा ठराव अडत होता, त्याच्या बाजूने डग्लस उभा राहून बोलला. दुसऱ्याच्या बेड्या तोडायला गेलेल्या बायकांना आपल्याही पायात काय आहे ते तिथे दिसलं, मला तरी असंच वाटतं.

कळव्याची_लेक:
दारूबंदीचं मी सांगते कारण ते मला पुस्तकातून कळायची गरज पडली नाही. आई घरी टिकल्यांच्या पाकिटांचं काम करायची, ग्रोसवर पैसे, रात्री ट्यूबलाइटखाली आम्ही तिघी बहिणी कार्डावर टिकल्या चिकटवायचो आणि शनिवारी हातात आलेले पैसे वडील घेऊन जायचे गुत्त्यावर. निदान कायद्याने तरी ते पैसे आईचे होते. तिकडे अमेरिकेत लग्न झालेल्या बाईची मजुरी कायद्यानेच नवऱ्याची, न्यूयॉर्क राज्यात १८६० ला कुठे ती बाईची झाली. मग दारू बंद करा म्हणणारी बाई उद्या मत मागणारच ना, दुसरं काय करेल. पुढे बायकांच्या मतासाठी लढलेल्या सुझन अँथनीला १८५२ ला दारूबंदीच्याच सभेत बोलू दिलं नाही, बहिणींनी ऐकायला यावं असं सांगितलं, ती उठून बाहेर पडली. आपल्याकडे आडव्या बाटलीला मत देऊन बायका दुकान बंद करतात तेव्हा मला ती आठवते.

घोडबंदर_७२:
सगळं छान आहे पण एक बाजू राहतेय. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८७० ला घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला, बायकांना नाही, तेव्हा स्टँटन आणि अँथनी त्या दुरुस्तीच्या विरोधात गेल्या आणि स्टँटन काळ्यांबद्दल फार वाईट बोलली. १८६९ लाच बायकांच्या मताची चळवळ फुटून दोन संघटना झाल्या होत्या. रविवारी हेही सांगा, नाहीतर नुसती आरती होईल.

ऐरोली_सेक्टर८:
नक्की सांगणार. कळव्याच्या ताई, तुमच्या आईचं तिथे बोललो तर चालेल का? नाव घेणार नाही.

कळव्याची_लेक:
बोला दादा, चालेल.

नौपाडा_वाचक:
मग शार्लट वुडवर्डचंही सांगा. घरी बसून हातमोजे शिवणारी पोरगी, सेनेका फॉल्सला सही केली. १९२० ला बायकांना मत मिळालं तेव्हा सही केलेल्यांपैकी ती एकटीच जिवंत होती. नव्वदी ओलांडलेली, आजारी होती, मतदानाला जाता आलं नाही.