मदत हवी आहे : शेरी अर्नस्टीन यांच्या शिडीवर मुंबईची प्रभाग समिती कितव्या पायरीवर?

नमस्कार मंडळी. नागरी सहभाग मोजण्यासाठी अमेरिकन अभ्यासक अर्नस्टीन यांची १९६९ची आठ पायऱ्यांची शिडी (जितकी वरची पायरी, तितका नागरिकांच्या हाती जास्त अधिकार) वापरतोय, काळ २०१७ ते मार्च २०२२ (पुढे महापालिकेवर प्रशासक आले).

विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना चौथ्या पायरीवर, म्हणजे सल्लामसलतीत बसतात. म्हणणं ऐकतात, मानण्याचं बंधन नाही. पण २०१५चा मसुदा हरकतींच्या रेट्यामुळे नव्याने करावा लागला, तो कुठे धरायचा?

खरी अडचण प्रभाग समितीची. ७४व्या घटनादुरुस्तीतून आलेल्या या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नेमता येतात, मात्र संख्याबळ नगरसेवकांचं. म्हणजे पाचवी पायरी, मन राखणं. सहावी, भागीदारी, म्हणायची तर निर्णयात वाटा दिसायला हवा. नुसती हजेरी मोजून भागत नाही, कारण सभागृह भरलेलं असूनही अधिकार शून्य असू शकतो, आणि अर्नस्टीन यांचा मुद्दा नेमका तोच आहे.

समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तांतून तीन गोष्टी काढायच्या आहेत: विषय कोणी मांडला, ठराव झाला का, निधी मिळाला का. माहिती अधिकारात ही इतिवृत्तं कोणी मिळवली आहेत का? अर्ज विभाग कार्यालयात करायचा की चिटणीस खात्यात? अर्जातली नेमकी शब्दरचना कुणी दिली तर फार मदत होईल.