बोलणारा रोबो वाक्य अर्धवट सोडून पुन्हा सुरू होतो

प्रश्न: मुलीसाठी आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, मोटरी चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, दोन पिवळ्या गिअर मोटरी आणि आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी वापरून रोबो केला आहे. अडथळा दिसताच त्याने "बाजूला व्हा" म्हणत वळावे, अशी योजना आहे. प्रत्यक्षात तो "बाजू" एवढेच म्हणतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली आहे.

उत्तर: दोष बहुधा बॅटरीतच आहे. तिचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे मोटरी आणि स्पीकर एकदम प्रवाह ओढू लागले की व्होल्टेज कोसळते व आर्डुइनो रीसेट होतो. १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल एकसर जोडावेत. एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, तरी मोटरींना पुरेसे उरते. सर्व ग्राउंड (ऋण जोडण्या) एकत्र हवेत.

दुसरे उत्तर: डीएफप्लेअरच्या आरएक्स (आर्डुइनोकडून आज्ञा घेणाऱ्या) तारेत १ किलोओहमचा रोधक घालावा, म्हणजे स्पीकरची खरखर कमी होते.

प्रश्नकर्ता: सेल बदलले. आता पूर्ण वाक्य ऐकू येते. मात्र स्वारी पडद्यात खुशाल घुसते!

उत्तर: कापड ध्वनिलहरी शोषते. पल्सइन या प्रतिध्वनीची वेळ मोजणाऱ्या आज्ञेला ठरवून दिलेल्या वेळेत प्रतिध्वनी न आल्यास ती शून्य देते, आणि त्या शून्याचे काय करायचे ते प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे लिहावे लागते. पडद्यासाठी पुढे एक साधा बंपर स्विच (टेकताच दाबला जाणारा) बसवावा.