मदत हवी आहे: भरीत पार्टीतलं राजकारण ग्रामसभेत कसं आणायचं?

भाऊ-ताईंनो, यावल तालुक्यातल्या एका केळीच्या गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. काम आवडतं, गटारीचा प्रश्न सुटला की दिवसभर अंगात उत्साह असतो. आमच्याकडे राजकारणाची आवड कमी नाही. हिवाळ्यात शेतात बामणोदच्या वांग्यांचं भरीत अन् कळण्याची भाकरी समोर आली की झेडपीपासून दिल्लीपर्यंत सगळी सरकारं बनतात आणि पडतात. ग्रामसभेला मात्र तीच मंडळी गायब! कोरम (म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी) 15 टक्के किंवा 100 मतदार, यापैकी कमी असेल तो. तोही भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नसल्याने मोजक्या लोकांत विषय मंजूर होतात.

दवंडी दिली, व्हॉट्सअ‍ॅपवर विषयपत्रिका टाकली, घरोघरी सांगितलं. महिलासभा बरी भरते, पण त्यातल्या बायका मुख्य सभेत बोलत नाहीत (मागे बसून एकमेकींत मात्र नेमकं बोलतात). सभा सकाळी असते, तेव्हा केळी कापणीची माणसं शेतात असतात. तडवी वस्तीही लांब पडते.

जेवणावर पंचायतीचा खर्च करायचा नाही, आणि वर्गणीचं जेवण ठेवलं तर पार्टीचा रंग चढेल. 26 जानेवारीची सभा सकाळीच राहील, ती सोडून बाकीच्यांबद्दल विचारतोय.

तुमच्या गावात कोणी ग्रामसभा संध्याकाळी किंवा वस्तीवर घेतली आहे का? वेळ-जागा बदलायला मासिक सभेचा ठराव पुरला, की बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) जावं लागलं? आणि बायका बोलायला लागल्या त्या कशामुळे?