'डिडन्ट वेन्ट': इंग्रजी भूतकाळाने तुमचा कुठे घात केला?

परवा अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. लाइनवर आठ माणसं. शुक्रवारचा रिपोर्ट पाहिलास का, असं विचारल्यावर मी ठणकावून सांगितलं, "सॉरी, आय डिडन्ट वेन्ट थ्रू इट." कुणी काही बोललं नाही, कॉल पुढे सरकला. पण आतल्या खोलीत अभ्यास करणारी सातवीतली लेक दारात येऊन उभी होती. कॉल संपल्या संपल्या म्हणाली, "बाबा, डिडन्ट गो."

एकोणीस वर्षं इंग्रजीच्या जिवावर पगार घेतोय. नियम येतो, लिहिताना चूक होत नाही. घाईत तोंडातून मात्र 'वेन्ट'च निसटतं. मी एकटाच असा नसणार, म्हणून हा धागा. गो-वेन्ट-गॉन असो की दुसरं कुठलं वाकडं क्रियापद, तुमची फजिती लिहा. एकच अट: हसायचं ते स्वतःला.

जालन्याकडचा, आता ठाण्यात

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, तोवर आम्ही शाळेतून बाहेर. सर व्हरांड्यात बसवून पाढ्यांच्या चालीवर म्हणून घ्यायचे: गोऽ वेन्ट गॉन, डूऽ डिड डन, सीऽ सॉ सीन. सगळ्यांचं आवडतं कट-कट-कट आणि पुट-पुट-पुट, कारण तिथे चुकायला जागाच नाही. सर्वांत नावडतं बीट-बीट-बीटन. ते म्हणताना सरांच्या हातातल्या पट्टीकडे लक्ष जायचं.

अडचण अशी की तिन्ही रूपं तोंडपाठ, पण तिसऱ्याचं करायचं काय हे कुणी सांगितलंच नाही. माझा आपला हिशोब: आज गो, काल वेन्ट, परवा गॉन! सहामाहीच्या निबंधात मी परवाच्या बाजाराबद्दल "आय गॉन टू मार्केट" असं लिहिलं होतं. सरांनी लाल शाईने नुसतं गोल केलं. कशाला केलं ते बारावीत कळलं, तिसऱ्या रूपाला हॅव-हॅड लागतो तेव्हा.

आणि रीड-रेड-रेड. स्पेलिंग तिन्हींचं एकच. पुस्तकात छपाईची चूक आहे म्हणून मी पेन्सिलीने दुरुस्त केलं होतं.

निवृत्त शिक्षिका, सातारा

डिडन्ट वेन्टवाल्या दादांना सांगते, ही चूक अज्ञानाची नाही, मराठीची आहे. 'मी गेलो', 'मी गेलो का?', 'मी गेलो नाही'. तिन्ही वाक्यांत 'गेलो' जागचा हलत नाही, प्रश्नाला 'का' आणि नकाराला 'नाही' फक्त चिकटतं. इंग्रजीत तसं नाही. तिथे प्रश्न किंवा नकार आला की डिड येतो आणि काळ स्वतःच्या अंगावर घेतो.

वर्गात मी टोपी घेऊन जायची, खरोखरची गांधी टोपी. एका मुलाला 'गो' करायचं आणि टोपी घालायची: हा झाला 'वेन्ट'. मग दुसऱ्याला 'डिड' म्हणून शेजारी उभं करायचं आणि टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवायची. भूतकाळाची टोपी एकच. ती डिडने घातली की गो बोडका. एकदा एकाने विचारलं, "बाई, मग 'आय वेन्ट'मध्ये डिड कुठे असतो?" मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "आज गैरहजर." याहून चांगलं उत्तर मला छत्तीस वर्षांत सुचलं नाही.

नर्स, नाशिक

माझं 'वेन्ट' नाही, 'लाय'. नवीन होते तेव्हा नाइट ड्यूटीच्या नोंदीत लिहिलं, "पेशंट लाइड ऑन बेड ऑल नाइट." म्हणायचं होतं, रात्रभर पडून होता. सकाळी डॉक्टर राउंडला आले, नोंद वाचली आणि पेशंटला गंभीरपणे विचारलं, "काय आजोबा, रात्रभर खोटं बोलत होतात म्हणे?" आजोबा घाबरले. "नाही हो साहेब, मी तर झोपलो होतो!"

आडवं पडणं म्हणजे लाय-ले-लेन. खोटं बोलणं लाय-लाइड-लाइड. एखादी वस्तू ठेवणं ले-लेड-लेड. म्हणजे 'ले' हा एकाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ. ज्याने हे केलं त्याला एक रात्र आमच्या वॉर्डात काढायला लावली पाहिजे. मी त्यानंतर सरळ "स्लेप्ट" लिहिते.

पुणे, सॉफ्टवेअर

माझी तक्रार उलटी. अमेरिकन टीमबरोबर राहून 'हॅव गॉटन'ची सवय लागली. नंतर ब्रिटिश क्लायंट मिळाला आणि माझ्या डॉक्युमेंटमधलं प्रत्येक 'गॉटन' त्यांच्या माणसाने खोडून 'गॉट' केलं. दोघंही आपापल्या घरी बरोबर. भरडलो मी.

नाव नको

एवढं काय त्यात? समोरच्याला कळलं ना, झालं. क्लायंटच्या मुलीने मराठीत 'मी गेली होतो' म्हटलं तर आपण कौतुकच करतो की.

टोरांटोहून एक आई

वरच्यांशी निम्मी सहमत. कौतुक करतो हे खरं, पण आपलंच कुणी करत नाही.

माझा मुलगा चार वर्षांचा. घरात मराठी, डेकेअरमध्ये इंग्रजी. गंमत म्हणजे आधी तो 'वेन्ट' अगदी नीट म्हणायचा. मग मध्येच एके दिवशी "आय गोड टू द पार्क" सुरू झालं. मी घाबरले, पोर मागे जातंय की काय! डेकेअरच्या बाई म्हणाल्या, उलट पुढे जातंय. आधी ऐकलेलं तसंच बोलत होता, आता 'एड' लावायचा नियम त्याने स्वतः शोधलाय आणि दिसेल त्या क्रियापदाला लावतोय. त्याच महिन्यात घरी "आई, मी करलं" आणि "मी जालो" चालू. केलं आणि गेलो गायब! तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, आपलं जाणे-गेलो तरी कुठे सरळ आहे? 'जा'मध्ये ग कुठून आला?

निवृत्त शिक्षिका, सातारा

बाळ, 'जा' आला संस्कृत 'या' धातूपासून आणि 'गेला' आला 'गत'वरून. दोन वेगळी घराणी, संसार एक. इंग्रजीतही तसंच. 'वेन्ट' मुळात 'वेन्ड' या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ, 'गो'ने तो दत्तक घेतला. 'सेन्ड-सेन्ट'सारखी जोडी होती ती. आणि तुझ्या मुलाचं 'जालो' जुन्या अभंगांतही सापडेल, पण तिथे त्याचा अर्थ 'झालो'. त्याला आत्ताच नको सांगूस.

जालन्याकडचा

बाई, हे आमच्या सरांनी सांगितलं असतं तर पट्टी वाचली असती.

टोरांटोहून एक आई

बाई, मनापासून आभार. नातवाला हे सगळं समजावायला माझ्या आईला रविवारी व्हिडिओ कॉलवर बसवलं. दहा मिनिटं तिने 'गेलो, गेलो' घोकून घेतलं. तो मान हलवत राहिला. फोन ठेवताना आजीनेच विचारलं, "मग काय रे, आज बागेत जालास का?"