मदत हवी आहे: आईच्या मिरचीचे पैसे आले की नाही, तिला कळणार कसं?

मंडळी, आई दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात हरमलची मिरची विकते. क्यूआर कोड माझ्या खात्याचा, मी पणजीला ऑफिसात आणि तिच्याकडे बटणांचा फोन. गिऱ्हाईक स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवतं, ती मान डोलावते. गेल्या शुक्रवारी ३४० रुपये आलेच नाहीत! आता ती प्रत्येकाला "बाबा, सुटे दे" म्हणते आणि पर्यटक पुढच्या टोपलीकडे वळतात.

पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा घ्यावा का? महिन्याचं भाडं किती पडतं? बाजाराच्या कलकलाटात ऐकू येतो का? की तिच्याच खात्यावर यूपीआय १२३पे (बटणांच्या फोनवर इंटरनेटशिवाय चालणारं यूपीआय) सुरू करून एसएमएसवर भागेल? वाचता येतं तिला, पण चष्मा नेहमी घरी. कुणी वापरत असाल तर सांगा.