वेचणीची मजुरी कधी द्यावी?

प्रश्न: इकडे कापूस वेचणीचा हिशोब किलोवर आणि चुकारा बाजाराच्या दिवशी. ख्रिस्ती शेतकऱ्यानं हे असंच चालू ठेवावं का? वजनावरून कुरबुरीही होतात.

उत्तर १: बायबलमधलं अनुवाद 24:15 स्पष्ट आहे. मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. मजूर गरीब, त्याचा जीव त्या पैशात असतो. बाजाराचा दिवस वेचणाऱ्या बायांनाच सोयीचा असेल तर वेचणीआधी ठरवा. कोणी मधेच मागितली, तर तिथवरचा हिशोब लगेच चुकता करा.

उत्तर २: खरं भांडण काट्यावर होतं. लटकता काटा रिकामा असताना शून्यावर आणा, मगच गाठोडं अडकवा. फडकं वेगळं मोजून तेवढंच वजा करा. ‘अंदाजे किलोभर’ कापणं म्हणजे चोरीच. दवानं ओला कापूस जड भरतो, म्हणून दव उडाल्यावरच वेचणी लावा, संध्याकाळी त्यापायी कपात नको. आकडा वेचणाऱ्या बाईला दिसू द्या आणि तिच्यासमोरच वहीत लिहा. लेवीय 19:36 खरा तराजू, खरी वजनं मागतं.

उत्तर ३: तरी बिनसलंच तर मत्तय 18:15. आधी दोघांतच बोला, पारावर चारचौघांत नाही.